मधुभैया आणि आईच्या ओव्या

मधुभैयांशी माझी पहिली भेट झाली ती मी त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेले तेव्हा. बँकेच्या नोकरीत जबलपूरला बदली होऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. शहराच्या गढा भागात एका तीन मजली इमारतीत मी तळमजल्याचं घर घेतलं होतं, कारण आईला जिना चढवणं शक्य नव्हतं. अमरावतीला असतानाच तिला अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि त्यांच्याबरोबर बोलणंही गेलं. तिला समजत सगळं होतं. डोळ्यांत उत्तर यायचं, ओठ हलायचे, पण बाहेर पडायचं ते फक्त 'ते ते ते'. त्या आवाजाची तिला स्वतःलाच इतकी लाज वाटायची, की पुढे तिने तोंड उघडणंच सोडून दिलं.

आमच्या बरोबर वरच्या घरात रोज संध्याकाळी गिटार वाजायची. बरोबर एक खरखरीत पुरुषी आवाज. गाणं चांगलं की वाईट हे ऐकण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते. दिवसभर बँकेत नव्या लोकांशी हिंदीत बोलून, घरी येऊन आईचं अंथरूण बदलून, मला फक्त शांतता हवी होती. एका संध्याकाळी मी वर जाऊन दार वाजवलं. पन्नाशीच्या पुढचे, काटकुळे, केस मागे वळवलेले गृहस्थ बनियनवर बाहेर आले. दारूचा वास माझ्यापर्यंत आला. मी म्हटलं, "माझी आई आजारी आहे. तिला त्रास होतो."

खरं म्हणजे आईला त्रास होतो की नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. त्रास मला होत होता.

त्यांनी हात जोडले. "माफ करा ताई, मला मालूम नव्हतं. आता नाही वाजणार." आणि खरोखरच दुसऱ्या दिवसापासून गिटार बंद झाली.

हे मधुकर टेंभेकर. सगळी वस्ती त्यांना मधुभैया म्हणायची. त्यांचे आजोबा वर्ध्याकडून इथल्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात नोकरीला आले ते इथलेच झाले. मधुभैया त्याच कामात तिसऱ्या पिढीचे, लेथवरचे टर्नर. गिटार ते शिकले लहानपणच्या शेजाऱ्याकडून, रेल्वेत गार्ड असलेल्या एका अँग्लो-इंडियन म्हाताऱ्याकडून. पण वाजवायचे मात्र इथल्या मातीतलं. सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढून कुंडमच्या जंगलाकडे जायचे, गोंडांच्या पाड्यांवर बसायचे, बायकांची गाणी ऐकून यायचे. तिथे फूलबाई नावाची एक मोहफुलं वेचणारी म्हातारी होती, तिला ते गुरू मानत. तिची गाणी ते गिटारीवर अशी बसवत, की गिटार हे परदेशी वाद्य आहे हे कुणाच्या डोक्यातही येऊ नये.

डाव्या हाताची त्यांची शेवटची दोन बोटं वाकत नसत. जवळच्याच पाटण गावाहून परतताना पिऊन स्कूटर चालवली आणि पुलाच्या कठड्यावर आपटले, त्याची ती खूण. दुसरा कुणी असता तर गिटार खुंटीला टांगून मोकळा झाला असता. मधुभैयांनी स्टीलच्या नळीचा एक तुकडा लेथवर घासून गुळगुळीत केला, तो त्या ताठ करंगळीत घातला आणि तारांवरून सरकवत वाजवायला लागले. सूर एकातून दुसऱ्यात वितळल्यासारखा जायचा. लोक वाहवा करत. ते म्हणत, "देवानं दहा बोटं दिली होती. दोन मी दारूले वाहिली. त्याची कायची तारीफ करता?"

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा ते माझ्यासाठी फक्त वरचे पिणारे गृहस्थ होते.

जानेवारीतला एक रविवार होता. इथल्या थंडीत दुपारचं ऊन सोडवत नाही. मी आईची खाट खिडकीशी ओढून तिला उन्हात निजवलं होतं आणि आत भाजी चिरत होते. मधुभैया बाहेर जिन्याच्या पायरीवर गिटार घेऊन बसले होते. आम्ही घरात नाही असं त्यांना वाटलं असावं. अगदी हळू, स्वतःशीच गुणगुणत होते. चाल जात्यावरची होती. जाड तारेवर अंगठ्याने एकसारखी घरघर चालली होती आणि वर एकच ओळ पुन्हा पुन्हा:

सरलं गं दळण, सूप झालं रितं...

तिथे यायचे आणि थांबायचे. पुन्हा सुरुवात. पुन्हा तिथेच थांबणं. सहा-सात वेळा असं झालं. मी उठून खिडकी लावणार, तेवढ्यात खोलीतून आवाज आला. कापरा, बारीक, पण सुरात:

भाऊ आला दारी, कुत्रं नाही भुकतं...

भाजी विळीवर तशीच राहिली. आत जाऊन पाहते तर आई खिडकीकडे तोंड करून गात होती. नऊ महिन्यांत जिच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता, ती अख्खी ओळ म्हणाली होती, एकही अक्षर न अडखळता. मी तिच्याजवळ बसले, म्हटलं, आई, बोल ना, पुन्हा बोल. तिने प्रयत्न केला आणि पुन्हा तेच, 'ते ते ते'. तिचे डोळे भरून आले.

दारात मधुभैया उभे होते. त्यांचाही चेहरा पाहवत नव्हता. आत येऊ का, असंही न विचारता ते आत आले आणि आईच्या खाटेपाशी जमिनीवरच बसले.

"मावशी," ते म्हणाले, "माझी माय मी नऊ वर्षांचा असताना गेली. तिची ही एकच ओळ माझ्यापाशी होती. दुसरी काही केल्या याद येत नव्हती. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली, मी शोधून राहिलो. कुत्रं नाही भुकतं. अच्छा. भाऊ ओळखीचा आहे, म्हणून भुकत नाही."

मग त्यांनी गिटार मांडीवर घेतली आणि पहिली ओळ म्हटली. आईने दुसरी म्हटली. त्या दुपारी त्या दोघांनी ती ओवी किती वेळा म्हटली असेल, मी मोजलं नाही. मी नुसती दाराशी उभी राहून रडत होते.

डॉक्टरांना मी सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. बोलण्याची जागा मेंदूत एकीकडे आणि गाण्याची दुसरीकडे असते, एक बिघडली तरी दुसरी राहू शकते, असं काहीसं त्यांनी समजावलं. मधुभैयांना मी ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे समोरचं दार बंद आहे. परसदार उघडं आहे. चलो, तिकडून जाऊ."

दुसऱ्या दिवसापासून ते रोज येऊ लागले. कारखान्यातून सुटले की आंघोळ करून साडेपाचला खाली. मी बँकेतून येईपर्यंत त्यांची मैफल रंगात आलेली असे. मी एकदा संकोचून म्हटलं, तुम्ही आईसाठी एवढा वेळ देता. ते जरा रागावलेच. "मी मावशीसाठी येऊन नाही राहिलो. माझ्यासाठी येऊन राहिलो. इतक्या ओव्या कुठं भेटतील मले?" खिशातून ते शाळेची वही काढत आणि आईने म्हटलेली प्रत्येक ओवी लिहून घेत. आईचं माहेर मोर्शीजवळचं. लहानपणी पहाटे आजीबरोबर दळताना ऐकलेल्या शेकडो ओव्या तिच्या पोटात होत्या, आणि मला, तिच्या पोटच्या मुलीला, त्यांचा पत्ताही नव्हता. मी कधी विचारलंच नव्हतं.

साडेपाच ते सात ही त्यांची प्यायची वेळ आहे, हे मला शैलावहिनींकडून कळलं. शैलावहिनी म्हणजे मधुभैयांच्या पत्नी, इथल्याच एका प्राथमिक शाळेत शिकवायच्या. मितभाषी, सदा घाईत. जिन्यात भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, की ही वेळ टळली की मग ते जेवून झोपतात.  

एकदा मात्र ते पिऊन आले. कारखान्यात कुणाचा तरी निरोपसमारंभ होता. नेहमीसारखेच हसत आले, बसले, गिटार जुळवली. वास आईपर्यंत गेला असणार. त्यांनी ओळ म्हटली. आईने दुसरी म्हटली नाही. त्यांनी पुन्हा म्हटली. आईने डावा हात लांब केला, तारांवर सपाट ठेवला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. बोलता येत नसलेल्या माणसाने इतकं स्पष्ट बोललेलं मी कधी पाहिलं नाही. मधुभैया उठून गेले. मला वाटलं, संपलं सगळं. आता हा माणूस येणार नाही, आणि आई पुन्हा मुकी होईल. मला आईचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला ते आले. केस ओले, अंगात धुतलेला सदरा. आईच्या पायांना हात लावून म्हणाले, "मावशी, गळा मायनं दिला, घसा मीच खराब केला. आज बसू का?" आईने मान हलवली.

मग त्यांनी एक नवीच युक्ती काढली. ओव्या येतात तर रोजचे शब्द का येऊ नयेत? त्यांनी त्याच चालीवर रोजचं बोलणं बसवायला घेतलं. 'पाणी दे गं मला', 'कूस बदल माझी', 'दिवा लाव बाई'. आधी ते म्हणत, मग आई त्यांच्याबरोबर, मग एकटी. आठवडे गेले. एखाद्या दिवशी काहीच जमत नसे आणि आई चिडून हात झटकायची. तेव्हा ते गिटार बाजूला ठेवत. "सूर काही लावाची गोष्ट नाही मावशी. तो पाव्हणा आहे. आपण खाट टाकून ठेवाची. त्याले यायचं तेव्हा येते, बसते." मग चहा व्हायचा, बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या गर्दीत गिटारीच्या तारा घ्यायला गेलो तेव्हा काय झालं त्याची गोष्ट व्हायची, आणि आई हसायची. हसणं तिचं कधीच गेलं नव्हतं. फक्त हसण्यासारखं काही घडत नव्हतं.

उन्हाळ्यात एके दिवशी आईने जात्याच्या चालीवर, पूर्ण आलाप घेऊन, मी बँकेत असताना तिला सांभाळायला येणाऱ्या बाईंना सुनावलं की वरणात मीठ नाही. त्या बाई जबलपूरच्या, मराठी न समजणाऱ्या. त्यांना वाटलं भजन आहे. त्यांनी हात जोडले. हा प्रसंग मधुभैया पुढे प्रत्येकाला सांगत.

आणि पावसाळ्याच्या मध्यावर मी बँकेतून आले, चपला काढत होते, आणि आतून हाक आली. "सुमे, आलीस का गं." चालीवर, ओढून, पण माझंच नाव. जवळजवळ दीड वर्षानंतर मला कुणी सुमे म्हटलं. माझे वडील गेल्यापासून त्या नावाने हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं. मी आत गेले तेव्हा मधुभैया वहीत डोकं घालून काहीतरी लिहीत असल्याचं दाखवत होते. कित्येक दिवस त्यांनी गुपचूप तेवढी एकच ओळ तिच्याकडून घोटून घेतली होती, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. आईला सांभाळणाऱ्या बाईंनी सांगितलं.

सप्टेंबरात आईला दुसरा झटका आला आणि ती दोन दिवसांत गेली. मधुभैयांनी तिला खांदा दिला, नर्मदेच्या ग्वारीघाटावर पाण्यात उतरून माझ्याबरोबर उभे राहिले.  तेराव्यानंतरच्या संध्याकाळी मी साडेपाचला घरी होते. वरून जिना उतरल्याचा आवाज आला. पावलं आमच्या दारापाशी थांबली. मग तशीच पुढे, रस्त्याकडे गेली. मी दार उघडून त्यांना हाक मारायला हवी होती. या बसा, चहा घ्या, एवढं म्हणायला हवं होतं. मी माझ्या दुःखात होते; उठले नाही. ही गोष्ट मी पुढे कितीतरी दिवस कुणाला सांगितली नाही.

त्यानंतर ते पुन्हा प्यायला लागले, आणि पूर्वीपेक्षा जास्त. तरी हातातली कला गेली नव्हती. त्याच हिवाळ्यात भोपाळच्या एका संस्थेने त्यांना मोठ्या कार्यक्रमाचं बोलावणं धाडलं. त्यांनी अट घातली की फूलबाई बरोबर गाईल. संस्थेने होकार दिला. फूलबाईसाठी शैलावहिनींनी नवं लुगडं आणलं. मी रजा काढली. आम्ही चौघं दुपारच्या गाडीने निघालो. फूलबाई पहिल्यांदाच इतक्या लांब चालली होती. खिडकीला नाक लावून बसली होती आणि मधूनच मधुभैयांना गोंडीत काहीतरी सांगून हसत होती.

सभागृहाबाहेरच्या फलकावर मधुभैयांचं नाव होतं, फोटो होता. फूलबाईचं नाव नव्हतं. 'आणि सहकारी' असं लिहिलं होतं. मधुभैयांनी आयोजकाला आधी शांतपणे विचारलं. तो म्हणाला, आता छापून झालं, मंचावरून नाव घेऊ. "काहून?" मधुभैया म्हणाले. "गाणी तिची आहेत. सहकारी मी आहे. उलटं लिहा." शब्दाने शब्द वाढला. त्यांचं एकही म्हणणं चुकीचं नव्हतं. पण त्या तिरीमिरीत ते बाहेर पडले आणि तासाभराने परतले तेव्हा त्यांना धड उभं राहता येत नव्हतं. आयोजकांनी त्यांचा भाग रद्द केला. फूलबाई नवं लुगडं नेसून पडद्याआड तयार बसली होती. तिला कुणी बोलावलंच नाही. ती एकटी गायला तयार होती, शैलावहिनींनी आयोजकांना तसं विचारूनही पाहिलं. पण तिथे तिला ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं.

परतीच्या प्रवासात मधुभैया शुद्धीवर आले आणि त्यांना सगळं आठवलं. ते फूलबाईसमोर जाऊन बसले. तिने पदराच्या गाठीतून चणे काढून त्यांच्या हातावर ठेवले. ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिच्या नावासाठी भांडले आणि तिचंच गाणं बुडवलं. हे त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही. पण माफ न करणं म्हणजे सुधारणं नव्हे. ते दुःखही त्यांनी पिण्यासाठीच वापरलं.

पुढचं वर्ष मी त्यांना झिजताना पाहिलं. शैलावहिनींनी उपचारांचं सगळं केलं, दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. दोन्ही वेळा ते काही आठवडे नीट राहिले, एकदा माझ्याकडे येऊन आईच्या खोलीत बसूनही गेले. मग पुन्हा तेच. शेवटी यकृताने हात टेकले. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा डोळे हळदीसारखे झाले होते, पोट फुगलं होतं, पण जीभ तशीच तल्लख. मी आईचा फोनवर घेतलेला आवाज त्यांना ऐकवला. डोळे मिटून त्यांनी दोन ओव्या ऐकल्या. तिसरी लागली तेव्हा चादरीवर त्यांचा अंगठा हलत होता, जाड तारेवर हलायचा तसा.

मी त्यांना म्हटलं, तुमचे उपकार मी कसे फेडू. ते म्हणाले, "ते सोडा. एक काम करा. मी गेल्यावर लोक म्हणतील, कलाकार होता, म्हणून पीत होता. तसं कोणाले म्हणू देऊ नका. दारूनं मले एक सूर दिला नाही. जे गायलो ते न पिता शिकलो. पिऊन राहिलो म्हणून अर्धंच गायलो. बाकीचं अर्धं पोटातच चाललं."

चार दिवसांनी ते गेले. वय अठ्ठावन्न.

शोकसभा इथल्या मराठी मंडळींनी घेतली. कारखान्यातले सोबती आले होते, कुंडमहून फूलबाई आली होती. एकामागून एक माणसं बोलली, चांगलंच बोलली. मग एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, की अशा मनस्वी कलावंतांना जगाची दुःखं सोसत नाहीत, दारू ही त्यांच्या प्रतिभेची किंमतच असते. लोकांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या शैलावहिनी मांडीवरच्या हातांकडे पाहत होत्या.

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. तरी उठले. मधुभैयांनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. पिऊन राहिलो म्हणून अर्धंच गायलो. मग त्या अर्ध्यातला माझ्या वाट्याला आलेला भाग सांगितला: खिडकीतलं ऊन, एकच ओळ, नऊ महिने मुकी असलेली माझी आई. शेवटी म्हटलं, की माझ्या आईच्या तोंडून माझं नाव मला पुन्हा ऐकायला मिळालं, ते या माणसामुळे, आणि तेव्हा ते शुद्धीत होते.  खाली बसले.

सभा संपल्यावर शैलावहिनी माझ्याबरोबर फाटकापर्यंत आल्या. मी त्यांची माफी मागणार होते, सगळ्यांसमोर त्यांच्या घरातलं बोलले म्हणून. आणि दुसऱ्याही एका गोष्टीची, त्या तेराव्यानंतरच्या संध्याकाळची. मी दोन्ही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझा हात हातात घेतला.

"सुमनताई, तीस वर्षांचा संसार झाला माझा," त्या म्हणाल्या. "त्यात आठ महिने असे होते, की दिवे लागल्यावर आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवलो. ते मले वाढायचे. भाजी कशी झाली ते सांगायचे. तुमच्या आईनं आज कोणती ओवी म्हटली, ते गाऊन दाखवायचे. तुम्ही काय माफी मागून राहिल्या? ते आठ महिने मले दुसऱ्या कोणी दिले असते?"

मी इतके दिवस समजत होते, की त्या घराचं देणं फक्त आमच्याच अंगावर आहे.  फाटकाशी आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, एकमेकींचा हात धरून.